संवाद वाचू नका, करा!



महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तरीही आपल्या वरंध भागातली पुष्कळ मुले धडा घडाघडा वाचतात, पण कोणी साधा प्रश्न विचारला की मान खाली घालतात. कारण त्या भाषेत ती कोणाशी बोललेलीच नसतात.

यावर बिनखर्चाचा उपाय आहे नाटुकल्याचा. एक मूल एस्टीचा कंडक्टर, दुसरे प्रवासी. ‘व्हेअर डू यू वॉन्ट टू गो?’ ‘वन तिकीट टू महाड, प्लीज.’ खांद्याला जुनी पिशवी, हातात कागदाची तिकिटे. वाक्याला काम मिळाले की ते ध्यानात राहते. चूक झाली तरी ती कंडक्टरची. त्यामुळे मुलाची भीती मोडते. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत चिनी भाषेच्या तासालाही अशी सोंगे घेऊन बोलायला शिकवतात.

आपल्याला हे नवे नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यातले फसवले गेलेले कुणबी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेची वाट धरते. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी सवाल-जबाबातूनच बाबासाहेबांचा विचार अक्षरशत्रू माणसांपर्यंत नेला.

मात्र एका गोष्टीवर नजर ठेवा. साहेब, डॉक्टर ठराविक घरची मुले आणि आपली मुले शिपाई किंवा मुके झाड, असे होऊ देऊ नका. ज्याला वाक्य नाही, त्याला भाषा कशी येणार? भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, दर खेपेला बदलाव्यात. मुलींनाही साहेब करावे. शाळेच्या पालकसभेत हे नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे.

रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. दोघा-दोघांनी तीन मिनिटे पोस्ट, बँक, दवाखाना असा प्रसंग करावा. मध्येच तोडू नये, हसू नये. संपल्यावर बरोबर वाक्य सर्वांनी मिळून म्हणावे आणि भूमिकांची अदलाबदल करावी. वाडीतल्या कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादांनी हे काम अंगावर घ्यावे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, ते माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी. आपले मूल उद्या कचेरीच्या खिडकीपाशी मान वर करून बोलावे, तर त्याची तालीम आजच हवी.

जयभीम!