किनारा राखायचा तर किनाऱ्यावर राहायला हवे

मालवणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवडाभरात ती सकाळवरून दुपारवर जाते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे इथल्या तांडेलाला कुणी शिकवावे लागत नाही. कांदळाची रोपे लावायची तर ओहोटीलाच चिखलात उतरता येते, मग ती ओहोटी पहाटे येवो की भर उन्हात. समुद्री कासवाची मादी अंडी घालायला येते ती बहुधा रात्री, आणि तिचा माग पुसला जाण्याआधी कुणीतरी वाळूवर हजर असावे लागते.

निसर्गसंवर्धनाची आपली प्रशिक्षणे मात्र सकाळी दहाला सुरू होतात आणि संध्याकाळी पाचला संपतात. मध्ये जेवण, शेवटी एकत्र फोटो आणि प्रमाणपत्र. मालवणच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. अशा कार्यक्रमांना मी पोरांना हौसेने घेऊन जात असे. बोलणारे अभ्यासू असत, माहिती खरी असे. मुले टिपणे काढत. पण त्यांतले कोण पुढे किनाऱ्याच्या कामात राहिले, हे मी शोधायला जाते तेव्हा फार थोडी नावे सापडतात. माझा एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. कासवांचे प्रशिक्षण त्याने मन लावून केले होते. आता तो गोव्यात हॉटेलात आहे. म्हणाला, "बाई, सर्टिफिकेट दाखवून पोट भरणा नाय. थंय म्हयन्याक पगार गावता." त्याच्या या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि त्याचे काही चुकलेलेही नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. सिंधुदुर्गात १८ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी वर्षभराचा, निवासी, विद्यावेतन देणारा निसर्गसंवर्धनाचा कार्यक्रम सुरू झाला पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. वर्षभर, कारण किनाऱ्याचे काम ऋतूंवर चालते. निवासी, कारण ते भरती-ओहोटीवर चालते. आणि विद्यावेतन, कारण काम करणाऱ्याला घर असते.

निवासी श्रमाची ताकद मी स्वतः अनुभवली आहे. कॉलेजात असताना चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटे यांच्या श्रमसंस्कार छावणीला मी गेले होते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून मे महिन्यात ही छावणी भरत आली आहे. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या मला विदर्भाचे ते कोरडे ऊन नवे होते. सकाळी कुदळ-फावडे घेऊन मातीकाम, घमेल्यांची रांग, दुपारी व्याख्याने, रात्री गाणी. आपले ताट आपण घासायचे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी त्या जमिनीवर उभी केलेली शेती आम्ही डोळ्यांनी पाहिली. कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या जातीचा, कुणाच्या घरचा हे प्रश्न दोन दिवसांत मागे पडले. एकत्र राहून राबल्याने माणूस बदलतो, याबद्दल त्यानंतर मला कधी शंका आली नाही. पण आठवडाभरात वृत्ती घडू शकते, कौशल्य घडत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ देऊन पाहिलेले उदाहरणही महाराष्ट्रात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, ऊर्जा आणि आरोग्याची कामे हाताने करत शिकतात. गावाला लागणारी खरी कामे हाच तिथला अभ्यास. शाळेत नापास ठरलेली मुले तिथून स्वतःचा व्यवसाय उभारण्याइतकी तयार होऊन बाहेर पडली. पाबळने शेती आणि कारागिरीसाठी जे केले, तेच समुद्र, खाडी आणि सड्यासाठी करायचे आहे.

जगात याचा एक फार मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेरोजगार तरुणांसाठी 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' उभे केले. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्या छावण्यांमध्ये राहून गेले. त्यांनी ३०० कोटींच्या आसपास झाडे लावली, धूप थांबवली, उद्यानांतल्या वाटा बांधल्या. महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतले बहुतेक पैसे थेट घरी पाठवले जात. त्याच धर्तीवर कॅलिफोर्निया राज्याने १९७६ मध्ये स्वतःचे दल उभे केले, ते आजही चालू आहे. त्या देशाने तेव्हा ओळखले की उजाड झालेली जमीन आणि रिकामे बसलेले हात या दोन्हींवर एकच उपाय करता येतो.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला, कारण तरणी पोरे मुंबईला आणि गोव्याला जातात. आणि इथे काम किती पडले आहे, ते मोजायला बसले तर वर्ष पुरणार नाही. ते मी महिन्यांच्या क्रमानेच सांगते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. कार्यक्रमाची सुरुवात तेव्हाच व्हावी. रोपवाटिका, देवराईतली लागवड, जाळी विणणे आणि दुरुस्त करणे, आणि पावसात बसून करायचा अभ्यास. कांदळवनाची ओळख याच दिवसांत व्हावी. कांदळाची लांब शेंग झाडावरच रुजते आणि चिखलात उभी खोचता येते, चिपीचे रोप मात्र बियांपासून वाढवावे लागते. कोणते झाड पाण्याच्या किती जवळ तगते, हे चुकले की लावलेली सगळी रोपे वाहून जातात. लागवडीचे आकडे जाहीर होतात, जगलेल्या रोपांचे क्वचितच होतात.

पाऊस ओसरला की वहाळांवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालायचे. चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिलात वाड्यांना पाणी पुरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अडवलेले पाणी पुढे विहिरीला लागते, हे जुन्या शेतकऱ्यांना पाठ आहे.

थंडीत वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे येतात. एका घरट्यात शंभरच्या वर अंडी असू शकतात. ती हलवायची तर पहिल्या काही तासांत, आणि न उलटता, कारण पुढे गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडे फिरले तर मरतो. हॅचरीतला खड्डा मूळ घरट्याच्याच खोलीचा आणि आकाराचा लागतो. वाळू फार तापली तर जवळजवळ सगळ्या माद्याच जन्मतात. पिल्ले यायला ४५ ते ६० दिवस लागतात, तोवर कुत्रे, कोल्हे आणि माणसे या सगळ्यांपासून राखण. एका दिवसाच्या प्रशिक्षणात यातले फक्त ऐकून घेता येते. रत्नागिरीतल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम गावकऱ्यांना हाताशी धरून केले आणि तिथे पर्यटनही उभे राहिले. आमच्या किनाऱ्यावरचे कासवमित्र तेच काम जिद्दीने करतात, पण बहुतेक जण आपापला पोटाचा धंदा सांभाळून.

त्याच दिवसांत पाणी नितळ असते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. पर्यटकांची होडी नांगर टाकते तेव्हा तो नांगर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडतो. ठरलेल्या जागी कायमच्या बोयांना होड्या बांधणे, खडकात अडकलेली तुटकी जाळी काढणे, प्रवाळाच्या नोंदी ठेवणे, ही कामे पाण्याखाली स्थिर राहता येणाऱ्या माणसाचीच. तारकर्लीत स्कूबा शिकवणारी सरकारी संस्था आहे. तिथे शिकलेला मुलगा पर्यटकांना मासे दाखवतो, ते चांगलेच आहे. त्यालाच वर्षातले काही महिने प्रवाळ राखायचा पगार मिळाला तर त्याचा पुढचा धंदाही राखला जाईल.

उन्हाळ्यात सड्यावरचे वणवे, जाळपट्टे, पाणवठे. किनाऱ्यावर सुरूच्या दाट रांगांऐवजी वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि केवडा जगवणे. असा हा भरलेला वर्षक्रम आहे आणि तो किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच पाळता येतो.

यावर पहिला प्रश्न येतो पैशाचा. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन तिच्यात ठरले. म्हणजे शिकणाऱ्या तरुणाच्या हाती सरकारने पैसे द्यावेत, हे तत्त्व मान्य झालेले आहे. ती मुले कचेऱ्यांत आणि कारखान्यांत पाठवता येतात, तर खाडीत आणि किनाऱ्यावर का नाही? २०१८ मध्ये राज्याने आणखी एक चांगला निर्णय घेतला. संरक्षित सागरी जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. समुद्र राखणाऱ्याच्या नुकसानीला किंमत आहे, हे सरकारने तेव्हा मानले. आता त्याच्या श्रमालाही किंमत आहे, एवढेच मानायचे आहे.

विद्यावेतन नसेल तर काय होईल, तेही मला दिसते. घरची ऐपत असलेली शहरातली मुले येतील, सुंदर अनुभव घेऊन परत जातील. देवबागच्या मच्छीमाराचा मुलगा किंवा तळाशीलची मुलगी वर्षभर बिनपगारी राहू शकणार नाही. मग किनारा ज्यांचा, त्यांनाच त्यातून वगळल्यासारखे होईल.

हा धोका किरकोळ नाही. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला होता. मासेमारी बंद होईल, होडी लावायची जागा जाईल, ही भीती खरी होती, कारण निर्णय वरून आला होता. संवर्धन म्हणजे आपल्यावर कुणीतरी बाहेरून आणलेली बंदी, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. वाडीतलाच मुलगा रात्री कासव राखतो आणि वाडीतलीच मुलगी खाडीच्या नोंदी ठेवते, तेव्हा ती समजूत जायला लागेल. मुलींची सोय सुरुवातीपासून असावी, मागाहून जोडलेली नको. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होड्या वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. मुलींना हे झेपेल का, हे आता कुणी विचारू नये.

एकत्र राबण्याची रीत आम्हाला परकी नाही. रापण ओढताना दोन्ही दोरांवर सगळी वाडी उभी राहते आणि मासळीचे वाटे पडतात. हात लावेल त्याला वाटा, हा त्या वाळूवरचा जुना न्याय. माझ्या वडिलांच्या रापणीत दोर धरायला शाळकरी पोरही आले, तर ते रिकाम्या हाताने घरी जात नसे. निवासी कार्यक्रमाचा पायाही हाच असावा.

इमारतींची चिंता नको. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळा गावोगाव आहेत. शिकवणारे इथेच आहेत: तांडेल, रोपवाटिका सांभाळणाऱ्या बायका, कासवमित्र, वन विभागाचा कांदळवन कक्ष, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वेंगुर्ले आणि मुळदे इथली केंद्रे. वर्ष संपल्यावर ही मुले जातील कुठे, याचेही उत्तर आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता समिती आणि नोंदवही आहे. ती पुन्हा नीट लिहायला आणि जिवंत ठेवायला माणूस लागतो. वनरक्षक, स्कूबा मार्गदर्शक, रोपवाटिका, निवास-न्याहारी, खेकडा आणि कालवे पालन, सगळीकडे अशी तयार माणसे हवी आहेत.

१९९७ मध्ये हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटक निळे पाणी, प्रवाळ आणि कासवे पाहायला येतो. त्यांची राखण करणाऱ्यांसाठी मात्र आपण अजून कायमची व्यवस्था उभी केलेली नाही. जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात एका तालुक्यापुरती, तीस मुलामुलींची एक तुकडी मंजूर करावी. बंद शाळा द्यावी, विद्यावेतन द्यावे आणि पहिल्या जूनला सुरुवात करावी. मासेमारी सोसायट्यांनी आपली मुले सुचवावीत. आणि आईबापांना माझे सांगणे आहे: तुमचा मुलगा, तुमची मुलगी असे काम करायचे म्हणेल, तर त्याला उद्योग नाही असे समजू नका. आपल्या पुढच्या पिढ्यांचे पोट ज्याच्यावर आहे, तो समुद्र राखण्याचे ते काम आहे.