परक्या माशांस कुंपण हवे

मत्स्यशेती हा अन्नाचा व रोजगाराचा मोठा आधार आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तळ्यात परका मासा सोडण्यापूर्वी तो तळ्यातच राहील याची तजवीज केली पाहिजे.

चिलापीचेच उदाहरण घ्या. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. याची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी आली, तरीही तो जलाशयांतून व नद्यांतून पसरलाच. राजस्थानातील जयसमंद तलावात तो शिरल्यावर तेथील रोहू-कटल्यांचे सरासरी वजन घटले. आफ्रिकन मांगूर तर मांसाहारी. तो हवेत श्वास घेतो व ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठतो. त्याच्या पालनावर २००० साली बंदी आली, तथापि चोरून पालन चालूच राहिले. केरळात २०१८ च्या महापुरानंतर दक्षिण अमेरिकेतील अरापैमा नद्यांत सापडू लागला. एकदा निसटलेला मासा कोणत्याही हुकुमाने परत येत नाही.

आम्हां गोमंतकीयांस तर हा प्रश्न दारातलाच आहे. आमच्या खाजनांत मानशीच्या दारांतून भरतीचे पाणी आत येते व ओहोटीबरोबर नदीत जाते. तेथे आज सोडलेला मासा उद्या नदीचा होतो, आणि मग काळुंदर व शेवटे यांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतो.

कोणी म्हणेल, लवकर वाढणारा मासा गरीब शेतकऱ्याने का पाळू नये? परंतु नदी बिघडली तर जाळ्यावर पोट भरणारा दुसरा गरीबच उपाशी राहतो. म्हणून शक्य तेथे देशी मासे पाळावेत. काळुंदर तळ्यात उत्तम वाढते. परका मासा पाळावयाचाच तर परवान्याने, प्रजनन न होणारे बी घेऊन पाळावा. तळे पुराच्या रेषेच्या वर असावे, बांध उंच असावेत आणि पाण्याच्या प्रत्येक वाटेवर बारीक जाळी असावी.

विद्यार्थिमित्रहो, तुमचेही एक कर्तव्य आहे. घरातील काचेच्या पेटीतले शोभेचे मासे नकोसे झाले, तर दयेपोटी ते ओहोळात सोडू नका. ज्याला हवे असतील त्याला द्या. एका माशावर केलेली ती दया ओहोळातील शेकडो जिवांच्या मुळावर येऊ शकते.