आजीच्या साडीवर कात्री लावण्याआधी

लग्नसराई जवळ आली, की शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या दारात गर्दी वाढते. त्या गर्दीत हल्ली एक नवी मागणी ऐकू येते. ‘जुन्या सिनेमात असायचा ना, तसा फ्रॉक शिवून द्या.’ तसा म्हणजे कसा, असे विचारले तर मोबाइलवरचा फोटो पुढे येतो. कमरेला घट्ट, खाली भरपूर घेर, फुग्याच्या बाह्या, गोल कॉलर आणि कापड ठिपक्यांचे नाहीतर फुलाफुलांचे. साखरपुड्याला किंवा स्वागत समारंभाला हवा असेल, तर तोच फ्रॉक ब्रोकेडचा, कोशाचा, नाहीतर थेट आजीच्या साडीचा!

मैत्रिणींनो, फोटोवरून फ्रॉक शिवता येत नाही. म्हणून या वेळी या फ्रॉकचीच गोष्ट करू या.

हा घेर आला कुठून? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई होती. इंग्लंडमध्ये १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांचे रेशनिंग होते. आपल्याकडेही १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले. साहजिकच स्कर्ट तोकडे आणि अरुंद झाले. मग फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसच्या ख्रिश्चन दिऑर यांनी बारीक कंबर आणि वारेमाप घेराचे कपडे दाखवले आणि जगभर तीच टूम झाली. म्हणजे हा घेर मुळात टंचाईवरचा राग होता, असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे ही वळणे पडद्यावरून घराघरांत आली. ती आणणाऱ्यांत एक नाव आपल्या कोल्हापूरचे आहे, भानू अथय्या यांचे. माहेरच्या राजोपाध्ये. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या बाईंनी ‘वक्त’ (१९६५) मध्ये साधनाला घट्ट चुडीदार-कुर्ता घातला आणि गावोगावच्या शिंप्यांना तो शिवावा लागला. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधली मुमताजची साडीही त्यांचीच. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. १९७३ मध्ये ‘बॉबी’ आला आणि ठिपक्यांच्या कापडाला दुकानदार बॉबी प्रिंट म्हणू लागले.

चीट इथली, नाव परदेशी गेले

छापील सुती कापडाला आपल्या आज्या ‘चीट’ म्हणत. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, पण तो किती लांब जाऊन आला आहे, पाहा. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ याच शब्दाच्या घराण्यातला. रशियन भाषेत छापील सुती कापडाला ‘सीतेत्स’ म्हणतात, तोही त्याच घराण्यातला. मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावरून गेलेल्या या कापडाने युरोपातल्या बायकांना इतके वेड लावले, की तिथल्या विणकरांचा धंदा बसू लागला. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये तर १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालणेच गुन्हा ठरवले आणि तो कायदा १७७४ मध्ये उठला. नुसत्या फुलाफुलांच्या कापडासाठी दंड!

हे सगळे मला खुर्सीपारला आठवले. खुर्सीपार म्हणजे भिलाईतली कामगारांची वस्ती. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे आली. खुर्सीपारच्या गल्लीत एका घरातून तेलुगू ऐकू येते, दुसऱ्यातून ओडिया, तिसऱ्यातून छत्तीसगढी आणि मध्येच आपली वऱ्हाडी-झाडी वळणाची मराठी. सोव्हिएत तज्ज्ञही त्या काळात सहकुटुंब भिलाईत राहत. ‘सीतेत्स’चे फ्रॉक हा त्यांच्या बायकांचा घरातला रोजचा वेष. ज्या मुलुखातून चीट जगभर गेली, त्या आंध्रातले लोक आणि जिथे ती पोहोचली, तिथले लोक या एका गावात शेजारी-शेजारी नांदून गेले.

छापील कापड : आधी फुले कुठे पाहतात ते बघा

फ्रॉक बिघडतो तो मशीनवर नाही, दुकानात. कापड उलगडून हातभर अंतरावर धरा. फुले, पाखरे, वेली सगळ्या एकाच दिशेला ‘उभ्या’ आहेत का? असतील तर गोल घेराचा विचार सोडून द्या. गोल घेरात कापड कमरेभोवती फिरते. त्यामुळे पुढची फुले उभी, बाजूची आडवी आणि उभ्या घडीवर बेतले असेल तर मागची उलटी दिसतात. ठिपके, बारीक बुट्टी, सगळीकडे विखुरलेली फुले असतील तरच गोल घेर खुलतो.

हिशेब अवघड नाही. कंबर २६ इंच असेल, तर तिला ६.२८ ने भागा. साधारण ४ इंच येतात. तेवढ्या त्रिज्येचा कमरेचा गोल. त्यात घेराची उंची २६ आणि दुमडीचा एक इंच मिळवला, की ३१ इंच झाले. दोन अर्धगोल कापायचे, तर प्रत्येकाला ६२ इंच लांबी लागते. दोहोंचे मिळून १२४ इंच, म्हणजे सव्वातीन मीटर कापड नुसत्या घेराला. पन्हा ३६ इंची असो की ४४ इंची, लांबी तेवढीच लागते. फरक इतकाच, की ४४ च्या पन्ह्यात कडेला १३ इंचांची पट्टी उरते, त्यातून पाठीचे दोन भाग, खिसे आणि गळ्याची पट्टी निघते. दुकानदार ‘अडीच मीटर पुरे’ म्हणाला, तर त्याच्या डोळ्यांसमोर चुण्यांचा फ्रॉक आहे, असे समजा.

तो चुण्यांचा फ्रॉकही वाईट नाही. उलट मला विचाराल तर घरच्या मशीनवर शिवणारीने तोच शिवावा. ४४ इंची पन्ह्याच्या दोन पट्ट्या जोडल्या की ८८ इंच घेर मिळतो, म्हणजे कमरेच्या तिप्पट. त्याला दीड मीटर कापड लागते, फुले सरळ उभी राहतात आणि खालची दुमड सरळ रेषेत येते. गोल घेराची दुमड घालताना मात्र घाई नको. कमरपट्टी जोडून फ्रॉक एक रात्र टांगून ठेवा. तिरक्या धाग्यावरचे कापड आपल्याच वजनाने खाली उतरते. सकाळी जमिनीपासून पट्टीने मोजून खडूची खूण करा आणि मगच दुमडा. नाहीतर समारंभात बाजू लोंबलेली दिसेल आणि शिवणाऱ्या बाईचे नाव निघेल.

आणि सुती कापड धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतायचे. अस्तरसुद्धा. हे सांगावे लागू नये, पण लागते.

फोटोतला घेर नुसत्या कापडाने फुललेला नसतो, हेही ध्यानात ठेवा. आत कडक परकर असे. नेटच्या झालरींचा परकर वेगळा शिवा, त्याला आतून मलमलीचा थर द्या. नेट थेट पायाला लागले, तर मुलगी जेवणावळीआधीच तो काढून टाकेल.

कोशाची साडी आणि दोन बहिणी

आता मुख्य प्रश्न, साडीचा. छापील कापड चुकले तर तीनचारशे रुपयांनी निभावते. साडी कापली की कापली.

खुर्सीपारला ज्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे मी बसले होते, त्यांच्या मशीनशेजारी कोशाची एक साडी तीन दिवस घडी घालून ठेवलेली होती. घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील कारखान्यात लागले आणि कुटुंब इथलेच झाले. साडी आईची. आई गेली. मुलगी सोळा वर्षांची, मावसबहिणीच्या साखरपुड्याला तिला ‘जुन्या वळणाचा’ फ्रॉक हवा होता, आणि आजीच्याच साडीचा. लोकांच्या शेकडो कपड्यांना कात्री लावलेल्या बाईंचा हात आपल्या आईच्या साडीवर चालेना. शिवाय साडी त्यांच्या एकट्यांची नव्हती. नागपूरला धाकटी बहीण होती.

कोसा म्हणजे रानातले रेशीम. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्यांचे. छत्तीसगढमध्ये चांपा त्यासाठी प्रसिद्ध, तर आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात आंधळगाव. मधासारखा नैसर्गिक रंग, हाताला किंचित खरखरीत. तुतीच्या रेशमासारखा तो सरसर निसटत नाही, त्यामुळे शिवायला सोपा. पण वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेला कोसा घडीवर विरतो.

बाईंनी शेवटी साडी उलगडली आणि दारातल्या उजेडासमोर धरून हातहात पुढे सरकवली. जिथून उजेड जास्त आरपार येत होता, तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहिले. एके ठिकाणी चर्रर्र झाले. तिथे लाल दोऱ्याची खूण. अशा चार खुणा झाल्या. मधले तीनेक मीटर धड निघाले आणि पदर तर जवळजवळ नवा.

मग फोन लावला. बहीण म्हणाली, ‘काप. पण पदर मला पाठव.’ बाईंनी डोळे पुसले आणि लगेच टेप हातात घेतली.

बेत असा होता. साडीचा काठ म्हणजे फ्रॉकची खालची कड. काठ सरळ असतो, तो गोल घेराला लावता येत नाही, म्हणून इथे चुण्यांचाच घेर हवा. साडीचा पन्हा ४६ इंच. त्यातून घेराच्या उंचीचे २७ आणि कमरेच्या शिवणीचा एक, असे २८ इंच घेतले. खाली काठच असल्याने दुमडीची गरजच नाही. लांबीच्या बाजूने ८० इंच, म्हणजे दोन मीटर. वरच्या १८ इंचांच्या पट्टीत दुसरा काठ होता. तो बाह्यांना गेला आणि उरलेल्यात पाठ बसली. पुढचा भाग तिसऱ्या मीटरमधून निघाला. पदराला कात्री लागली नाही.

पैठणी असो, बनारसी असो, पद्धत हीच. काही गोष्टी मात्र सांभाळा. ब्रोकेडच्या मागे सुटे धागे असतात आणि कापल्याबरोबर कडा उसवू लागतात, म्हणून माया एक इंचाची सोडा आणि कापल्या-कापल्या कडा बांधून घ्या. सुई ११ नंबरची, नवी. रोजची १६ नंबरची सुई रेशमाला भोके पाडते आणि उसवल्यावर ती बुजत नाहीत. टाचण्या फक्त मायेत टोचा. रेशमावर प्रयोग नको, आधी जुन्या मांजरपाटाचा कच्चा फ्रॉक शिवून अंगावर घालून पाहा. मुंढा, कंबर, छाती काय सोडायचे, काय धरायचे ते त्यावर ठरवा. आतून धुतलेल्या मलमलीचे अस्तर द्या. जुन्या कापडावरचा ताण ते अस्तर घेते. फुग्याच्या बाहीला साध्या कापडात दीडपट रुंदी चालते, ब्रोकेडमध्ये थोडी कमी घ्या, नाहीतर खांद्यावर उशी ठेवल्यासारखे दिसते. फुगा बसत असेल तर आत नेटची चार बोटांची पट्टी टाका.

पॉलिस्टर सॅटिनबद्दल माझे मत विचारू नका. फोटोत ते चमकते खरे, पण मे महिन्यात भिलाईचा पारा ४४-४५ वर जातो आणि नागपूरचाही. त्या मांडवात सॅटिनच्या फ्रॉकमधले मूल दोन तास कसे काढेल?

शिलाई मागताना लाजू नका

एक गोष्ट शिवणाऱ्या मैत्रिणींसाठी. उजेडासमोर साडी तपासणे, कच्चा फ्रॉक, अस्तर, हातशिलाई, टांगून ठेवलेली रात्र, हे सगळे साध्या फ्रॉकच्या शिलाईत बसत नाही. तरी आपण तेवढेच मागतो, कारण गिऱ्हाईक शेजारीण असते. दोन-तीन दिवस मोडतात. बाजारात तयार फ्रॉक स्वस्तात मिळतो, हे गिऱ्हाइकाने सांगितले, तर तिला तो जरूर घेऊ द्या. साडीच्या फ्रॉकसाठी आधी तासांचा हिशेब मांडा, अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि साडीवरचे विरलेले भाग गिऱ्हाइकाला दाखवून तिच्यासमोरच खुणा करा. पुढचे वाद तिथेच मिटतात. खुर्सीपारच्या बाई तर उरलेले तुकडेही पिशवीत घालून परत देतात. बटणाएवढा तुकडासुद्धा.

वाढत्या मुलीचा फ्रॉक असेल, तर बाजूच्या शिवणीत दीड इंच माया आणि छापील फ्रॉकला खाली अडीच इंचांची दुमड ठेवा. साडीच्या काठाला दुमड नसते, तिथे कमरेच्या शिवणीत दोन इंच जास्त सोडा, उंची तिथून वाढवता येईल. समारंभ झाला की फ्रॉक लगेच कपाटात कोंबू नका, सावलीत वाऱ्यावर टांगा. मग जुन्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवा. डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नका. आणि दर दोन-तीन महिन्यांनी काढून घडी बदला.