मैदानाकाठी : पोरींची लीग



पोळा तोंडावर आला आहे. पांढुर्ण्यात जाम नदीकाठी गोटमारीच्या गप्पा सुरू झाल्या असतील आणि सौंसरकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचे अंदाज बांधले जात असतील. अशा दिवसांत मी मुलींच्या फुटबॉलवर लिहिणार म्हटलं, तर घरातले हसले. "आपल्याकडे कोण पाहतं ते?" असा प्रश्न आला. म्हणूनच लिहिते आहे.

यंदा जानेवारी ते एप्रिल 2025 या काळात इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे देशातल्या महिलांच्या सर्वांत मोठ्या फुटबॉल स्पर्धेचा, हंगाम झाला. आठ संघ होते. कोलकात्याचे ईस्ट बंगाल आणि श्रीभूमी, केरळचा गोकुळम, बेंगळुरूचा किकस्टार्ट, तामिळनाडूचा सेतू, ओडिशाचे ओडिशा एफसी आणि नीता अकादमी, दिल्लीचा हॉप्स. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकीच्या संघाला 14 सामने आणि सगळे मिळून 56.

एप्रिलच्या सुरुवातीला ईस्ट बंगालने ओडिशाला 1-0 ने हरवलं आणि एक सामना बाकी असतानाच विजेतेपद नक्की केलं. ही लीग जिंकणारा बंगालचा हा पहिला संघ. गंमत अशी की या शंभर वर्षांहून जुन्या क्लबच्या पुरुषांनी राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली ती 2003-04 मध्ये. एकवीस वर्षांचा तो दुष्काळ पोरींनी संपवला. सर्वाधिक गोल मात्र गोकुळमच्या फाजिला इक्वापुट या युगांडाच्या खेळाडूने केले, तब्बल 24. आणि आदल्या हंगामात विजेता असलेला ओडिशा एफसी यंदा तळाच्या दोघांत जाऊन खालच्या श्रेणीत घसरला. एका वर्षात राजाचा रंक. खेळात कोणाचंच आसन पक्कं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कोलकाता-केरळचं, आपल्याला त्याचं काय? तर यादी पुन्हा एकदा वाचा. आठांत ना मध्य प्रदेशचा संघ, ना महाराष्ट्राचा. आपण ज्या दोन राज्यांच्या मधोमध बसलो आहोत, त्या दोन्ही घरी चूल पेटलेली नाही. पूर्वी असं नव्हतं. 2017 मध्ये दिल्लीत ही लीग पहिल्यांदा झाली तेव्हा सहाच संघ होते आणि त्यांत एफसी पुणे सिटी होता. पुढे कोल्हापूर सिटीच्या मुलीही खेळल्या, मुंबईचे संघही येऊन गेले. पण टिकलं कोणी नाही. मराठी बोलणाऱ्यांच्या शेजारातून आता आशा आहे ती गोव्याच्या सेसा अकादमीची. ती दुसऱ्या श्रेणीतून वर आली आणि 2025-26 च्या हंगामासाठी वरच्या आठांत पोचली.

आणखी एक गोष्ट मला लागून राहिली आहे. राज्यांच्या संघांची जी महिलांची राष्ट्रीय स्पर्धा आहे, तिला फुटबॉल महासंघाने 2023-24 पासून राजमाता जिजाबाई करंडक असं नाव दिलं आहे. नाव आपल्या जिजाऊंचं आणि करंडक बहुतेक वेळा मणिपूरच्या पोरी घेऊन जातात! त्यांचं कौतुकच आहे, त्यांच्याकडे आया स्वतः मुलींना मैदानावर पाठवतात. आपण जयंतीला जिजाऊंच्या फोटोला हार घालतो आणि आठवीतल्या पोरीला म्हणतो, "आता पुरे झालं हुंदडणं."

हे मी हवेत बोलत नाही. आमच्याच नात्यातली एक मुलगी शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर खेळायची. पायात वेग असा की मुलं तिला आपल्या बाजूला घ्यायला भांडत. नववीत गेली आणि घरून बंद झालं. कारण कोणी नीट सांगितलं नाही. शॉर्ट घालायची, उन्हात काळी पडायची, संध्याकाळी उशीर व्हायचा, अशी सगळी अर्धी-अर्धी कारणं. यंदाचे काही सामने तिने मोबाईलवर पाहिले, तेही बोर्डाच्या परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून. एकदा मला म्हणाली, "मावशी, या पोरींना पगार मिळतो का गं?"

मिळतो. महासंघाने 2023 मध्ये ठरवलं की लीगमधल्या प्रत्येक क्लबने कमीत कमी 10 भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3 लाख 20 हजारांचा करार करायचा. महिन्याचे साडेसव्वीस हजारांच्या वर झाले. फार नाहीत, पण आपल्या गावात खासगी शाळेत शिकवणाऱ्या कितीजणींना इतके मिळतात, तुम्हीच सांगा. शिवाय सशस्त्र सीमा बल, सीआरपीएफ, मणिपूर पोलीस यांचेही संघ या लीगमध्ये खेळून गेले आहेत. म्हणजे खेळातून नोकरीची वाटही आहे. "खेळून पोट भरतं का" या प्रश्नाला आता निदान अर्धं उत्तर तरी आहे.

आणि उदाहरण दूरचं नको असेल तर आपल्याच प्रदेशातली ज्योती चौहान घ्या. धार जिल्ह्यातल्या सरदारपूरची. गोकुळमकडून ही लीग जिंकली आणि 2022 मध्ये तेलंगणाच्या सौम्या गुगुलोतबरोबर थेट क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबमध्ये खेळायला गेली. तिथे हॅटट्रिकही केली. सरदारपूर काही मोठं शहर नाही, आपल्या सौंसरसारखंच तालुक्याचं गाव. तिकडे शहडोलजवळच्या विचारपूर गावात तर घरोघरी फुटबॉल आहे, मुलीसुद्धा खेळतात. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला तेव्हा देशाला कळलं.

लीगचा फायदा देशालाही झाला. जुलैत चियांग माईला भारताने थायलंडला 2-1 ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, ईस्ट बंगालच्याच खेळाडूचे. थायलंड दोन विश्वचषक खेळलेला संघ आहे, हे लक्षात घ्या. ही जागा होती मार्च 2026 मधल्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेची.

आपण काय करू शकतो? पांढुर्णा ऑक्टोबर 2023 मध्ये जिल्हा झाला. जिल्हा म्हणजे नुसतं कलेक्टर ऑफिस नव्हे. जिल्ह्याचा संघ निघतो, जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा होतात. त्या संघांत मुलींचा फुटबॉल असावा, एवढी मागणी तर मंडळाकडून जाऊ शकते. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी एक तास मैदान फक्त मुलींना मिळावं आणि तिथे दोन-चार आयांनी आळीपाळीने बसावं. "उशीर होतो" हे कारण त्याने जातं. प्रशिक्षणासाठी नागपूर जवळ आहे. विजय बारसे सरांची 'स्लम सॉकर' तिथे 2001 पासून वस्तीतल्या मुलामुलींना शिकवते आहे, त्यांच्याकडे जाऊन विचारता येईल.

आमच्या नात्यातल्या मुलीची आई आणि मी मागच्या आठवड्यात बोललो. ती लगेच हो म्हणाली नाही. "मैदानावर दुसऱ्या कोणाच्या पोरी येणार असतील तर पाहू," म्हणाली. म्हणजे आता मला पोरी शोधायच्या आहेत. ज्यांच्या घरी सहावी ते दहावीतली मुलगी आहे आणि तिच्या पायाला खाज आहे, त्यांनी पोळ्याचा पाडवा झाला की मंडळाच्या कार्यालयात नाव कळवा. अकरा जमल्या तर उत्तम. पाच जमल्या तरी सुरू करू.