नऊ टाके, सात नंबर

आखातात येऊन मला आता अठरा वर्षं होतील. या काळात तीन प्रोजेक्ट झाले आणि तिन्ही ठिकाणी शेजारच्या टेबलावर फिलिपिनो सहकारी होते. त्यांच्याबद्दल आपल्याला माहिती किती? गातात छान, नर्सेस फार चांगल्या, बस्स. शुक्रवारी सकाळी आपण टेनिस बॉलने क्रिकेट खेळत असतो, तेव्हा पलीकडच्या पार्किंगमध्ये ही मंडळी बास्केटबॉल खेळत असतात. त्यात सात नंबरचा शर्ट घातलेला एखादा तरी असतोच. तो नंबर कुणाचा, ते या वेळी सांगतो.

रॉबर्ट जॉवॉर्स्की. आडनाव पोलिश, कारण वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई इलोकानो. जन्म 1946 चा, बागियो या थंड हवेच्या गावातला. बास्केटबॉल अमेरिकनांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटांवर आणला आणि तो तिथे असा रुजला, की 1954 च्या जागतिक स्पर्धेत फिलिपाइन्सने ब्राँझ मिळवलं. साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसांनी उंचांचा खेळ राष्ट्रीय वेड म्हणून का स्वीकारावा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आपण तरी क्रिकेटच्या मागे का लागलो म्हणा!

जॉवॉर्स्की सहा फूट एक इंच. 1967 मध्ये सोलला आशियाई विजेतेपद, 1968 ला मेक्सिको ऑलिंपिक. सगळं छान चाललेलं असताना 1971 मध्ये एका सामन्यात त्याने आणि एका सहकाऱ्याने दोन रेफरींना मारहाण केली. दोघांवर आजन्म बंदी आली. ती 1973 मध्ये उठली, आणि तीही कशासाठी, तर आशियाई स्पर्धा मनिलात भरणार होती आणि राष्ट्रीय संघाला हे दोघे हवे होते म्हणून. फिलिपाइन्स ती स्पर्धा जिंकलं. नियम आणि गरज यांच्या भांडणात गरज जिंकते, हे आपल्याही क्रीडा संघटनांना नवं नाही.

1975 मध्ये पीबीए सुरू झाली. अमेरिकेच्या एनबीएनंतरची जगातली ही सर्वांत जुनी व्यावसायिक लीग. संघ गावांचे नाहीत, कंपन्यांचे. जॉवॉर्स्की टोयोटाचा, आणि समोर क्रिस्पा ही कापड कंपनी. या दोघांचं वैर इतकं, की 1977 मध्ये सामना संपल्यावर खेळाडूंची तुंबळ मारामारी झाली आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंना फोर्ट बोनिफासिओ या लष्करी तळावर डांबलं. मार्कोसचा मार्शल लॉ होता तेव्हा! पुढच्याच वर्षी जॉवॉर्स्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

1984 च्या सुरुवातीला टोयोटाने संघ गुंडाळला आणि दुसऱ्या मालकाला विकला, खेळाडूंसकट. आखातात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. कंपनी विकली की आपल्या व्हिसाच्या फाइलीही कपाटासकट नव्या मालकाकडे जातात. जॉवॉर्स्कीने मात्र साफ नकार दिला आणि आपला जुना जोडीदार फ्रान्सिस आर्नाइझ याच्यासह गिल्बीज जिन या संघात गेला. टोयोटाचाच उंच सेंटर रॅमन फर्नांडेझ नव्या मालकाकडे गेला. दोघांत अबोला धरला गेला.

आणि इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते. 1985 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बहुतेकांची निवृत्ती झालेली असते तेव्हा, त्याला प्रशिक्षक केलं. पण त्याने खेळणं सोडलं नाही. खेळाडू आणि कोच एकच. आपल्या अजित वाडेकरांनी 1974 नंतर बॅट खाली ठेवली आणि संघाचे मॅनेजर झाले ते 1992 मध्ये. मध्ये अठरा वर्षं. इथे मध्ये एक दिवसही नाही. बाकावरून उठायचं, जर्सी सरळ करायची आणि स्वतःलाच आत पाठवायचं.

इंजिनिअर म्हणून मला ही व्यवस्था सदोष वाटते. जो मशीन चालवतो त्यानेच त्याची तपासणी करू नये, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. स्वतः थकलोय हे स्वतःला कोण सांगणार? पण जॉवॉर्स्कीच्या बाबतीत हीच सदोष व्यवस्था चालली, आणि ती का चालली हे 1985 च्या ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात दिसतं.

तोवर संघाचं नाव जिनेब्रा झालं होतं. (मालक दारूवाले, त्यामुळे संघाचं नाव कधी जिन, कधी रम, ब्रँड बदलला की पाटी बदलायची.) समोर नॉर्दर्न सिमेंटचा ताकदवान संघ. त्यातल्या जेफ मूर नावाच्या धिप्पाड खेळाडूचं कोपर जॉवॉर्स्कीच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. त्याला हॉस्पिटलात नेलं, नऊ टाके घातले. संघ मागे पडत गेला. आणि सामना चालू असतानाच हा गृहस्थ पट्टी लावून परत आला. प्रेक्षागृहात जो गलका उठला, त्याने म्हणे समोरच्या संघाचे हातपाय गळाले. जिनेब्रा जिंकली. ‘नेव्हर से डाय’ हे संघाचं ब्रीद लोकांच्या मनात पक्कं बसलं ते अशा सामन्यांमुळे. आता विचार करा, सूट घालून बाकावर बसलेला कोच हे करू शकला असता का? त्याच्याकडे नऊ टाके नव्हते.

1986 मध्ये बिली रे बेट्स आणि मायकेल हॅकेट या दोन अमेरिकनांना घेऊन संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं. 1988 मध्ये एकही परदेशी नसताना दुसरं. क्रिस्पाचा फिलिप सीझर, म्हणजे सत्तरच्या दशकातला कट्टर शत्रू, तोही पुढे याच्याच हाताखाली खेळला.

फर्नांडेझशी अबोला सुटला तो 1989 च्या ऑल-स्टार सामन्यात. ज्येष्ठांच्या संघात दोघेही, आणि कोच बेबी दालुपान, जुन्या क्रिस्पाचे. बरोबरी होती, काही सेकंद उरले होते. जॉवॉर्स्कीने बाहेरून चेंडू आत दिला फर्नांडेझला, आणि त्याने बास्केट केली. 132-130. नंतर दालुपाननी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. पाच वर्षांचं भांडण एका पासात! आमच्या सोसायटीत पार्किंगवरून याहून जास्त काळ भांडणं चालतात.

सगळंच गोड नव्हतं. 1990 मध्ये शेलविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना चालू असताना, रेफरींच्या निर्णयांवर चिडून त्याने संघ मैदानाबाहेर काढला. विजेतेपद शेलला, आणि याच्या संघाला साडेपाच लाख पेसो दंड. त्याचे चाहते आजही त्याची बाजू घेतात. मला ते पटत नाही. 1971 चाच माणूस तो, फक्त हात आवरलेला. तिकीट काढून आलेल्या गरीब माणसाला, ज्याच्या जिवावर तो मोठा झाला, अर्धवट सामना पाहून घरी पाठवणं ही कसली लढाऊ वृत्ती? त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत त्याने देशाचा पहिला संपूर्ण व्यावसायिक खेळाडूंचा संघ नेला आणि चीनपाठोपाठ रौप्यपदक आणलं. 1991 मध्ये पुन्हा अंतिम फेरीत शेलच. 1-3 असे मागे असताना सलग तीन सामने जिंकले. सातव्यात रूडी दिस्त्रितोने अखेरच्या क्षणी बास्केट केली. वॉकआऊटची भरपाई अशी खेळूनच होते.

शेवटचं, चौथं विजेतेपद 1997 चं, आणि मला तेच सर्वांत आवडतं. समोर अलास्काचे कोच टिम कोन: अमेरिकन, पण फिलिपाइन्समध्येच वाढलेले, ‘ट्रँगल ऑफेन्स’चे पक्के अभ्यासक, आदल्याच वर्षी तिन्ही स्पर्धा जिंकलेले. प्रत्येक पाऊल आखलेलं, अगदी आपल्या फ्लो डायग्रामसारखं. जॉवॉर्स्कीचं वय एक्कावन्न. तोपर्यंत तो स्वतः मोजकी मिनिटं खेळायचा, पण लोक नावाचा पुकारा करत राहायचे. संघ 4-2 ने जिंकला. माझं मत विचाराल तर पद्धत कोनचीच श्रेष्ठ. शंभर सामन्यांचा हिशेब मांडला तर तीच जिंकेल. पण जॉवॉर्स्कीला शंभर नको होते, चार हवे होते.

1998 मध्ये तो सिनेटवर निवडून आला, प्रशिक्षकपद सुटलं. 2004 मध्ये पुन्हा उभा राहिला, पडला. 5,825 असिस्ट्स नावावर ठेवून गेलेल्या या खेळाडूचा सात नंबर 2012 मध्ये जिनेब्राने कायमचा निवृत्त केला. नंतर जिनेब्राने कोच म्हणून कुणाला आणावं? टिम कोनना! 2016 मध्ये त्यांनी आठ वर्षांचा दुष्काळ संपवला, तोही अखेरच्या सेकंदाला टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केटने. ट्रँगल कोनचा, पण गर्दी अजून जॉवॉर्स्कीचीच होती.