उड्डाणाचे अपघात आणि घाईचे निवाडे

अहमदाबादहून १२ जून २०२५ रोजी लंडनसाठी झेपावलेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान मिनिटभराच्या आत कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. महिन्याभरात प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालाने दोन्ही इंजिनांच्या इंधनपुरवठ्याचे स्विच एकापाठोपाठ एक बंद स्थितीत गेल्याची नोंद केली. ते कसे गेले, याचे उत्तर मात्र त्यात नव्हते. तरीही वैमानिकाकडे बोट दाखविण्याची चढाओढ लगेच सुरू झाली. अखेर मृत वैमानिकाच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. प्राथमिक अहवालात वैमानिकावर ठपका नसल्याचे न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले.

वैमानिकाला दोषी ठरविण्याची ही घाई नवी नाही. प्रवासी जेट विमानांच्या पहाटकाळातच तिची किंमत मोजली गेली आहे.

ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान. मे १९५२ मध्ये त्याची नियमित सेवा सुरू झाली आणि महायुद्धाने थकलेल्या ब्रिटनला अभिमानाचा विषय मिळाला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरच्या रात्री रोमच्या चाम्पिनो विमानतळावर बीओएसीच्या कॉमेटने धाव घेतली. पण ते हवेत टिकले नाही. कॅप्टन हॅरी फूट यांनी इंजिनांची शक्ती कमी केली, तरी धावपट्टी ओलांडून गेलेल्या विमानाची मोडतोड झाली. जीवितहानी टळली. वैमानिकाने विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले, असा निष्कर्ष काढून चौकशी संपविण्यात आली. फूट यांची रवानगी जुन्या यॉर्क मालवाहू विमानांवर झाली. दोष विमानात आहे, हे त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही.

त्यानंतर सव्वाचार महिन्यांनी, ३ मार्च १९५३ रोजी, कराचीत पहाटेच्या अंधारात कॅनेडियन पॅसिफिकच्या कॉमेटची तीच गत झाली. विमान धावपट्टीपलीकडील नाल्याच्या काठावर आदळून पेटले आणि सर्व ११ जण ठार झाले. त्यांत डी हॅविलंडचे स्वतःचे तंत्रज्ञही होते. प्रवासी जेट विमानाचा हा पहिला प्राणघातक अपघात.

नाक जादा उचलले गेले, हे दोन्ही ठिकाणी खरेच होते. प्रश्न होता तो एवढ्याशा चुकीला एवढी मोठी शिक्षा का, हा. कॉमेटच्या पंखांची रचना अशी होती की, नाक ठरावीक कोनापेक्षा थोडे अधिक वर गेले तरी हवेचा विरोध झपाट्याने वाढे, वेग वाढेनासा होई आणि विमानाला उचल मिळत नसे. शिवाय यांत्रिक मदतीने चालणाऱ्या नियंत्रणांमुळे वैमानिकाच्या हाताला हवेच्या दाबाचा नैसर्गिक अंदाज येत नसे. रात्रीच्या काळोखात क्षितिज दिसत नसताना तो कोन अचूक राखणे कठीणच. कराचीनंतर पंखांच्या पुढील कडेचा आकार बदलण्यात आला आणि उड्डाणाची पद्धतही सुधारण्यात आली. पंखात दोष नव्हता, तर तो बदलावा का लागला, याचे उत्तर फूट यांना मिळाले नाही. ठपका मात्र कायम राहिला.

म्युनिकची कथाही याच वळणाची. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉलपटूंना नेणारे विमान तिसऱ्या प्रयत्नातही उडाले नाही आणि २३ जणांचा बळी गेला. जर्मन चौकशीने पंखांवरील बर्फाला कारण ठरविले. पंख स्वच्छ आहेत की नाहीत, हे पाहणे कॅप्टनचे काम. धावपट्टीवरील बर्फाचा चिखल हटविणे विमानतळाचे. त्यामुळे कारण कोणते यावरच दोषी कोण हे ठरत होते. धावपट्टीवरील चिखलाने विमानाचा वेग घटला, हे ब्रिटिश चौकशीने मान्य करून कॅप्टन जेम्स थेन यांना निर्दोष ठरविले ते १९६९ मध्ये. तोवर त्यांची नोकरी गेलेली होती.

यावरून अहमदाबादेतही यंत्रच दोषी असणार, असा तर्क काढणे तितकेच उतावीळपणाचे ठरेल. धडा निराळा आहे. मृत वा एकाकी वैमानिक हा सर्वांत सोयीचा आरोपी असतो. विमान बनविणारी कंपनी, विमानतळ, नियामक आणि सरकार या सर्वांची त्याच्या दोषाने सुटका होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असतो, दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द उच्चारले की, ती चूक का घडू शकली आणि घडल्यावर यंत्राने ती सावरली का नाही, हे विचारणेच थांबते. रोमनंतर ते विचारले गेले असते, तर कदाचित कराचीतील अकरा जण वाचले असते.