नोकरी सांभाळून खेळणारा

६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या ग्रँड प्रेरीत अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं आणि संध्याकाळपर्यंत आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सौरभ नेत्रावळकरची गोष्ट येऊन पोचली. मुंबईचा मुलगा, कॉर्नेलची कॉम्प्युटर सायन्समधली मास्टर्स, ओरॅकलमधली नोकरी आणि सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला रोखणारी डावखुरी गोलंदाजी. त्या गोष्टीखाली आपण जे तात्पर्य लिहिलं ते जवळजवळ सगळीकडे एकच होतं: बघा, आधी शिक्षण पुरं केलं, चांगली नोकरी धरली, म्हणून खेळाची हौसही पुरी झाली. घरोघरी ते मुलांना वाचून दाखवलं गेलं. मला ते तात्पर्य चुकीचं वाटतं. त्याने मुलांचं नुकसान होतंच, पण त्याहून जास्त आपलं, चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचं होतं.

नीट पाहिलं तर या गोष्टीचा क्रम वेगळाच आहे. नेत्रावळकर २०१० साली न्यूझीलंडमधला एकोणीस वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला. के. एल. राहुल, मयांक अगरवाल, जयदेव उनाडकट हे त्याच संघातले. पुढे तो मुंबईकडून रणजी खेळला. अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअरिंगही याच काळात झालं. म्हणजे शिक्षण आणि खेळ आधीपासून बरोबरीनेच चालले होते. मुंबईच्या संघात मात्र कायमची जागा मिळेना. २०१५ मध्ये तो कॉर्नेलला आला तो शिकायला. तेव्हा इथे अमेरिकेत क्रिकेटला ना पैसा होता ना प्रेक्षक. मेजर लीग क्रिकेट सुरू व्हायला अजून आठ वर्षं होती. नोकरी लागली, बे एरियात बस्तान बसलं, आणि तरीही चांगल्या खेळपट्टीवर खेळायला मिळावं म्हणून तो शुक्रवारी काम संपवून लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाकत जायचा.

माझ्या दृष्टीने त्याच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, ती सुपर ओव्हर नव्हे. त्या शुक्रवारी रात्री हायवेवर असताना त्याला पुढे विश्वचषक दिसत नव्हता. अमेरिका टी-ट्वेंटी विश्वचषकाची सहयजमान होईल आणि त्यामुळे तिच्या संघाला थेट प्रवेश मिळेल, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. नोकरीमुळे खेळ साधला असं म्हणण्यापेक्षा नोकरी असूनही त्याने खेळ सोडला नाही असं म्हणावं लागेल. विश्वचषकाच्या काळातही सामना नसेल तेव्हा तो हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून काम करत होता, हे आपण सगळ्यांनी वाचलं. शिवाय तो युकुलेली वाजवून गातो, आणि ते ऐकून कुणी त्याला ‘अल्बम कधी काढतोस’ असं विचारत नाही.

आपल्याकडे मात्र प्रत्येक आवडीला हा प्रश्न विचारला जातो. पोरगी कथक शिकते, मुलगा बुद्धिबळ खेळतो, कुणी व्हायोलिन वाजवतं. आठवी-नववीपर्यंत आपण जिवाचं रान करून त्यांना क्लासला नेतो. बारावीच्या सुरुवातीला कॉलेजचे अर्ज गेले की तबला कपाटावर जातो आणि रॅकेट गराजमध्ये. मुलांना याचा अर्थ न सांगता कळतो: हे सगळं अर्जात लिहिण्यासाठी होतं. आणि त्यांना तो कळतो, कारण घरातल्या मोठ्या माणसांना काही वाजवताना, खेळताना, तालमीला जाताना त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. आईबाप त्यांना दिसतात ते गाडी चालवताना आणि जेवण झाल्यावर पुन्हा मीटिंग जोडताना.

‘आधी ग्रीन कार्ड होऊ दे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते आपल्या इथल्या मराठी मंडळाचं ब्रीदवाक्य वाटावं. त्यामागची भीती खरी आहे. एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याच्या हातात जेमतेम दोन महिने असतात. त्याने सावध राहायचं नाही तर कुणी? पण सावधपणाला मुदत असावी लागते. भारतात जन्मलेल्या अर्जदारांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही, आणि ती सरकेपर्यंत गाणं थांबवायचं ठरवलं तर गळा तेवढी वर्षं वाट पाहत नाही. कार्ड आल्यावर घराचं कर्ज, मग मुलांचं कॉलेज. कारणांची रांगही संपत नाही.

नोकरी करत खेळणं ही आपल्यासाठी काही नवलाची गोष्ट नव्हे. मुंबईचं क्रिकेट कित्येक दशकं नोकरदारांनीच उभं केलं. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. टाइम्स शील्ड ही तर कचेऱ्यांच्या संघांचीच स्पर्धा. कांगा लीग १९४८ पासून भर पावसात, ओल्या खेळपट्टीवर चालत आली आहे आणि तिच्यात कसोटीवीराच्या शेजारी असा माणूस क्षेत्ररक्षणाला उभा राहत आला आहे ज्याला उद्या सकाळी आठ-वीसची लोकल पकडायची असते. त्यातल्या नामवंतांना कंपन्या खेळासाठीच नोकरीवर घेत, सवलत देत, हे मी विसरलेलो नाही. आपल्याला इथे तशी सवलत कुणी देणार नाही. पण कांगा लीगमधल्या त्या दुसऱ्या माणसालाही ती नव्हती, आणि त्याच्यावाचून लीग चालली नसती.

रंगभूमीवरही तेच. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये व्यवसाय सोडून ते पूर्ण वेळ नट झाले. तो निर्णय थोर होता आणि त्याच्याविषयी आपण भरभरून बोलतो. डॉ. मोहन आगाशे यांच्याविषयी त्या मानाने कमी बोलतो. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस त्यांनी केला आणि मनोविकारशास्त्रही सोडलं नाही, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये ते शिकवत राहिले. एक सोडून दुसरं धरण्याची गोष्ट सांगायला सोपी असते. दोन्ही धरून ठेवण्याच्या गोष्टीत नाट्य कमी आणि वेळापत्रक जास्त असतं. पण परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल ती ही दुसरी गोष्ट.

आता अडचणीकडे येतो, कारण तिच्याशिवाय हा लेख अर्धा राहील. मी शनिवारच्या लीगमध्ये खेळतो. पहाटे मैदानावर मॅट अंथरायची, तिच्या कडेने खिळे ठोकायचे, चाळीस षटकं उन्हात उभं राहायचं, तिसऱ्या प्रहरी मॅट गुंडाळून गाडीत टाकायची. या दिवसाने माझा आठवडा तोलून धरला आहे. पण आमच्या संघातल्या बहुतेकांचा शनिवार घरातल्या बाईच्या शनिवारावर उभा आहे. पोहण्याचा क्लास, वाढदिवसाची पार्टी, किराणा हे सगळं तेवढ्या वेळात तिने पार पाडलेलं असतं. तिची वीणा, तिचं लिखाण, तिचं बॅडमिंटन कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. मोठ्या माणसांनी छंद जोपासावा असं म्हणणाऱ्याने हा हिशेब घरातच आधी मांडला पाहिजे. आमच्या संघातल्या काही घरांनी शनिवार-रविवार वाटून घेतला आहे. शनिवार त्याचा, रविवार तिचा, आणि त्या दिवशी दुसऱ्याने फोन करून ‘डबा कुठे आहे’ असं विचारायचं नाही. हे जमतं. पण बोलून ठरवलं तरच जमतं.

आणि इथेच मला मंडळाची आठवण होते. आपल्या अंदाजपत्रकाचा मोठा वाटा भारतातून येणाऱ्या कलाकारांवर जातो. त्यांनी यावं, मला त्यांच्या कार्यक्रमांत मनापासून आनंद मिळतो. पण गणेशोत्सवात स्थानिकांच्या वाट्याला येतात दहा-दहा मिनिटं, तीही जेवणाच्या रांगेच्या वेळी, साउंड चेक न करता. अशा दहा मिनिटांसाठी कुणी वर्षभर रियाज का करावा? आपण आपल्याच माणसांकडून शाळेच्या स्नेहसंमेलनाची अपेक्षा ठेवतो आणि ते तेवढंच देतात. कॉलेजात राज्य नाट्यस्पर्धा गाजवलेली माणसं आपल्यात आहेत. विशारद झालेली आहेत. विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली एक बाई दर वर्षी स्वयंपाकघराच्या समितीत असते आणि तिला मैदानावर बोलवायचं आपल्याला सुचलेलं नाही.

पुन्हा त्या विश्वचषकाकडे येतो. १२ जूनला न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत भारत-अमेरिका सामना झाला तेव्हा नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं, पाठोपाठ रोहित शर्माला. पुढे त्याच्याच हातून सूर्यकुमार यादवचा झेल सुटला, आणि सूर्यकुमारने नाबाद अर्धशतक करून भारताला जिंकून दिलं. दोघं मुंबईचे. एकाचा तो पूर्ण वेळचा व्यवसाय, दुसऱ्याचा नव्हे. त्या दिवशी मैदानावर हा फरक कुणी मोजला नाही. दोघांनाही सारख्याच लांबीचा डाव मिळाला होता. स्थानिकांना सारख्याच लांबीचा डाव द्या, एवढंच माझं मागणं आहे.

म्हणून कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात एक पूर्ण सत्र, मध्यंतरासकट, स्थानिक संचाला द्यावं आणि त्याचं तिकीट लावावं. बाहेरच्या एका कार्यक्रमाचा खर्च वाचवून त्या पैशात जानेवारीपासून दर रविवारी दुपारी तालमीसाठी हॉल भाड्याने घ्यावा. आणि त्या दुपारी हॉलच्या मागच्या खोलीत मुलांना सांभाळण्याची पाळी लावावी, ज्यात पहिले चार रविवार आमच्या क्रिकेट संघाचे असतील. संघातल्या सगळ्यांना मी विचारलं आहे, त्यांची नावं यादीत आली आहेत.